कोपराच्या उंचीचा ओटा

मुलांनो, एक काम करा. पुढे वाचायच्या आधी एक खुर्ची ओढत स्वयंपाकघरात न्या, ओट्यासमोर ठेवा आणि तिच्यात बसा. कुणी विचारलं तर सांगा, गोष्टीसाठी बसलोय. आता कल्पना करा की तुम्हाला या खुर्चीतून उठता येत नाही. आणि समोर एक कांदा आहे, तो चिरायचाय. हात वर घ्या आणि चिरा बघू! कोपरं कुठे गेली? पंख पसरलेल्या कोंबडीसारखी वर आली ना? आणि गुडघे? ते ओट्याखालच्या कपाटाच्या दारावर आपटले असतील.

झालं. खुर्ची जागेवर ठेवून या, नाहीतर तुमच्या वाटचा ओरडा मला खावा लागेल. आणि तो कांदा विसरू नका, पुढे लागणार आहे.

ज्या मुलीची ही गोष्ट आहे तिला घरात सगळे ठिणगी म्हणायचे. का म्हणायचे ते तुमच्या लक्षात येईलच. ठिणगीची आई चाकांच्या खुर्चीत असे. ठिणगीच्या जन्माआधी एका आजारात आईच्या पायांतली ताकद गेली होती. पण स्वयंपाकघर आईचं होतं, आणि ते आईचंच राहावं म्हणून तिनं एक वेगळा ओटा करून घेतला होता. लाकडाचा. चार जाड फळ्या एकमेकींना घट्ट चिकटवलेल्या, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत. खाली कपाट नाही, खांब नाही, काही नाही. खुर्ची सरळ आत शिरायची.

माप कसं घेतलं माहीत आहे? आईनं सुतारासमोर खुर्चीत बसून कोपरात हात वाकवला, तो हवेत धरला आणि म्हणाली, "इथे." सुतारानं तिच्या कोपराखाली पट्टी लावली आणि भिंतीवर खूण केली. बाकीच्या जगाच्या ओट्यांपेक्षा तो वीतभर खाली होता. पाहुणे आले की म्हणायचे, "अगं बाई, किती ठेंगणा!" आई म्हणायची, "ठेंगणा नाही. मापात आहे."

आता लाकडाच्या ओट्याला तेल लागतं. तुम्ही अंगाला लावता तसंच, पण कुठलंही नाही. आई जवसाचं तेल वापरायची. ते लाकडात शिरतं आणि हळूहळू आतच सुकून घट्ट होतं. मग वर पाणी सांडलं तरी आत जात नाही. आईचा नियम होता, तेल लावायचं ते पुसून टाकण्यासाठी. फडक्यानं पातळसं चोळायचं, थोडं थांबायचं, आणि दुसऱ्या कोरड्या फडक्यानं वरचं सगळं पुसून घ्यायचं. लाकूड आपल्याला हवं तेवढं ठेवून घेतं.

त्या वर्षी आईच्या खांद्याचं ऑपरेशन झालं. खुर्ची ढकलून ढकलून खांदा झिजला होता. ऑपरेशननंतर व्यायामासाठी तिला बरेच दिवस दवाखान्यातच राहावं लागणार होतं. जाताना तिला एकच काळजी होती. "ओट्याला तेल लाव हं," ती ठिणगीला म्हणाली. मग वाटलं, ही विसरेल. म्हणून बाबांना बाजूला घेऊन सांगितलं, "अहो, ओट्याला तेल लावा." मग वाटलं, हे तर नक्कीच विसरतील. म्हणून काकाला सांगितलं, "भावजी, यांच्यावर माझा भरवसा नाही. तुम्ही आलात की तेवढं ओट्याचं बघा."

काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. मोठ्या मनाचा आणि मोठ्या आवाजाचा माणूस. आईला दवाखान्यात न्यायचं तर जिन्यावरून खुर्चीसकट उचलून न्यायला तोच धावत यायचा. बाबांच्या मनात त्याची जाणीव होती, आणि म्हणूनच काकासमोर बाबांच्या तोंडून 'नाही' हा शब्द कधी निघत नसे.

तर तिघांना सांगून आई निश्चिंत झाली. गंमत अशी की तिघंही विसरले नाहीत. आणि कुणी कुणाला बोललंही नाही. प्रत्येकाला वाटलं, हे काम आपल्या एकट्याचं आहे, आणि आईची आठवण आली की तो उठून ओट्याला तेल लावायचा. ठिणगीनं डबा संपेपर्यंत जवसाचं लावलं, मग फोडणीचं. बाबांनी जाड थर दिला आणि पुसला नाही, 'मुरू दे' म्हणून. काकानं तर बाटली सरळ उपडी केली. शिवाय बाबा रोज ओला लोखंडी तवा सिंकजवळ ठेवून कामावर पळायचे.

आई घरी आली. एक हात गळ्यात बांधलेला, तरी चपलासुद्धा न काढता बाबांना खुर्ची ढकलायला लावून थेट स्वयंपाकघरात गेली आणि मोकळ्या हाताचं कोपर नेहमीसारखं ओट्यावर टेकलं. मग उचलायला गेली तर चर्रर्र असा आवाज आला. कातडी चिकटून ओढली गेली.

तिनं बोट फिरवलं, नाकाशी नेलं, आणि तोंड वेंगाडलं. खवट वास. सिंकजवळ तव्याच्या आकाराचं काळंकुट्ट वर्तुळ. सगळ्या ओट्यावर पिवळा, धुळीनं माखलेला चिकट साका.

"तेल कुणी लावलं?"

"मी," ठिणगी म्हणाली.

"मी," बाबा म्हणाले.

"मी पण," दारातून काका म्हणाला. "वहिनी, तुम्हीच तर सांगितलं होतंत."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. आईनं कपाळाला हात लावला आणि तो कपाळाला चिकटला. मग ती इतकी हसली की खांदा दुखायला लागला. "इतके आज्ञाधारक असाल हे मला काय माहीत!"

पण काका हसला नाही. त्यानं ओट्यावर टिचकी मारली. "हे बघा वहिनी, मी कधीपासून म्हणतोय. लाकूड ते लाकूड. हे आता गेलं. मी छान काळा दगडी ओटा बसवून देतो. खाली कपाटं, वर कपाटं. माझ्याकडून भेट. तुम्ही बरं होऊन आलात ना, म्हणून."

"उंची?" आईनं विचारलं.

"उंची असते ती. सगळ्यांकडे असते तशी."

"मग मी कुठे बसू?"

"तुम्ही कशाला? बाई ठेवू कामाला. तुम्ही आता आराम करा. नुसतं बसायचं."

"भावजी, बसलेलीच आहे मी," आई म्हणाली. "आजवर जे केलं ते बसूनच केलंय."

काका खळखळून हसला. त्याला वाटलं, वहिनी गंमत करताहेत. त्यानं तिथूनच दगडवाल्याला फोन केला.

दुसऱ्या दिवशी दगडवाला माप घ्यायला आला. माणूस शांत होता. त्यानं पेन्सिलनं भिंतीवर एक लांब सरळ रेघ मारली, जुन्या ओट्याच्या वर वीतभर, आणि उजव्या टोकाला ती बाजूच्या भिंतीवर वळवून जुन्या ओट्याच्याही हातभर पुढे नेली. आईनं विचारलं, "दगड खाली बसवता येईल? आत्ताचा ओटा आहे तिथे?" तो म्हणाला, "येईल ताई, पण दगडाचं वजन. मधे आधाराच्या भिंती लागतील. तुमची खुर्ची काही आत जाणार नाही." येत्या रविवारी दगड घेऊन येतो, जुनं लाकूड जाताना घेऊन जाऊ, असं सांगून तो गेला. बाबा खिडकीतून बाहेर बघत होते. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

"आई, तू नाही का म्हणत नाहीस?" ठिणगीनं विचारलं. ती रागानं लाल झाली होती.

"म्हटलं की. कुणी ऐकलं नाही."

"मग ओरड!"

"ओरडून काका ऐकणार? तो आपल्यापेक्षा मोठ्यानं ओरडतो. शिवाय त्याचं म्हणणं आहे, लाकूड गेलं. त्याला आधी हे दाखवू की लाकूड कुठेही गेलेलं नाही. मग माझं 'नाही' मी पुन्हा म्हणेन. माझा एक हात अजून गळ्यात बांधलेला आहे, बाई. तुझे दोन दे."

ठिणगीनं तिथेच बाह्या वर केल्या.

आधी ओट्यावरचं सगळं काढलं. मग आईनं खणातून एक पातळ पोलादी पट्टी काढून दिली. पट्टी दोन्ही हातांत धरायची, अंगठ्यांनी मधे किंचित वाकवायची, आणि तिरपी करून आपल्याकडे ओढायची. पहिल्यांदा नुसतीच किरकिरली. मग एकदा नीट बसली आणि चिकट साक्याची पिवळी गुंडाळी निघून आली, जुन्या मेणासारखी. ठिणगीला इतका आनंद झाला की ती जेवायलाही थांबेना.

साका निघाल्यावर घासकाम. पॉलिश पेपर लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळला. ठिणगी भांडी घासतात तशी गोल गोल घासू लागली.

"थांब. जवळून बघ, रेषा कुठे जाताहेत?"

फळ्यांतून लांबच लांब बारीक रेषा डावीकडून उजवीकडे जात होत्या. त्यांच्यावर ठिणगीनं केलेले गोल गोल ओरखडे उठले होते.

"मांजराला उलटं कुरवाळलंस तर काय होतं?"

"फिसकारतं."

"लाकूडही फिसकारतं, फक्त आवाज करत नाही. रेषेच्या बाजूनं जा."

ठिणगी रेषेच्या बाजूनं गेली. आधी खरबरीत कागद, मग मध्यम, शेवटी बारीक. हात भरून आले. केसांत, भुवयांत, नाकात भुस्सा. आई एका हातानं पुढची कड घासायची आणि दर थोड्या वेळानं तळवा फिरवून म्हणायची, "इथे अजून." ठिणगीला तो शब्द ऐकून रडू यायला लागलं होतं.

आणि मग तिनं घाई केली. सिंकजवळचं काळं वर्तुळ कागदानं हलत नव्हतं. आई झोपली असताना तिनं भांड्यांची तारेची घासणी घेतली, पाण्यात बुडवली आणि खसाखसा घासलं. तेवढ्यावर न थांबता सगळाच ओटा घासून काढला. छान उजळला. सकाळी उठून बघते तर काय, वर्तुळ तिथेच, आणि बाकीच्या ओट्यावर काळे ठिपकेच ठिपके. गोवर आल्यासारखे.

"आता खरंच गेलं," ठिणगी म्हणाली, आणि जमिनीवर बसून रडली.

आईनं ठिपके पाहिले. "तारेची घासणी?"

ठिणगीनं मान हलवली.

"तारेचे बारीक तुकडे लाकडात राहिले. लोखंड, पाणी आणि लाकडातला तुरट रस एकत्र आले की काळं होतं. बाबांच्या तव्यानं तेच केलं. पूर्वी शाई अशीच करायचे, झाडाच्या सालीचा काढा आणि लोखंडाचा कीस घालून. तू रातोरात ओटाभर शाई केलीस." मग ती हसली. "उठ. लिंबं आहेत का बघ."

अर्धं लिंबू घेऊन ठिणगी एकेका ठिपक्यावर चोळत गेली. थांबायचं, ओल्या फडक्यानं पुसायचं, पुन्हा चोळायचं. ठिपके करडे झाले, मग फिके, मग दिसेनासे. तव्याचं वर्तुळ मात्र हट्टी होतं. लिंबानं आणि कागदानं ते धुरकट सावलीएवढं उरलं, त्याहून पुढे हलेना.

"राहू दे ते," आई म्हणाली. "बाबांची सही आहे."

बाबा दारात उभे होते. कधी आले ते कुणालाच कळलं नव्हतं. बूट काढले, ठोकळा उचलला आणि भिंतीजवळचा आतला कोपरा घासू लागले. तिथे आईचा हात पोचत नव्हता, ठिणगीचा तर नाहीच. बऱ्याच वेळानं म्हणाले, "मला सांगितलं असतंत तर."

"तिघांना सांगून एकदा बघितलं ना," आई म्हणाली.

मग तेल. बाबांनी नवा डबा आणला होता. फडक्यावर थोडंसं घेऊन ठिणगीनं पहिला हात मारला, आणि फिकट, कोरडं लाकूड एकदम मधासारखं गडद झालं. लपलेल्या रेषा वर आल्या. "पुरे," आई म्हणाली. "आता पूस." पुसलं. सुकू दिलं. पुन्हा तेल, पुन्हा पूस.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. तेलाची फडकी बोळा करून कचऱ्यात टाकायची नाहीत. जवसाचं तेल सुकताना स्वतःच तापतं, आणि बोळा केलेलं फडकं आपोआप पेटू शकतं. ठिणगीनं ती बाहेर कठड्यावर एकेक पसरून वाळत टाकली. हे काम मोठ्या माणसाला बरोबर घेऊनच करा.

रविवारी काका आला. मागे दगडवाला, खांद्यावर टेप. दगड खाली गाडीत होता, आणि तो उचलायला आणलेली माणसंही खाली.

काका स्वयंपाकघराच्या दारात थबकला. ओटा उन्हात कोरडा, गुळगुळीत पडला होता. आईनं बोटांनी पाणी शिंपडलं. थेंब मण्यांसारखे गोल उभे राहिले, एकही आत गेला नाही.

"वा!" काका मनापासून म्हणाला. "मानलं बुवा. सुंदर केलंय. पण वहिनी, काही महिन्यांनी पुन्हा हीच कटकट."

"हो. काही महिन्यांनी पुन्हा करू. तुम्ही दात एकदाच घासता का?"

दगडवाला खोकला. तो खोकला नव्हता, हसू होतं.

"मी भांडायला नाही आलो," काका म्हणाला. त्याचा आवाज जरा उतरला. "तुमचा खांदा बघून झोप लागत नाही मला. म्हणून म्हणतो. कष्ट नकोत आता."

"काका, बसा ना," ठिणगी मधेच म्हणाली. तिनं जेवणाची खुर्ची ओढत आणून उजव्या भिंतीसमोर लावली, जिथे ओटा संपून पेन्सिलची रेघ पुढे गेली होती तिथे. "ही रेघ म्हणजे नवा ओटा. आता कांदा चिरा."

"कुठे आहे कांदा?"

"आहे असं समजा. उठायचं नाही!"

काका बसला. हात रेघेपर्यंत उचलले. कोपरं पसरली. गुडघे भिंतीवर आपटले. तो थोडा मागे सरकला, तर हात रेघेला पोचेनात. पुढे सरकला, तर पुन्हा गुडघे. त्यानं तसाच हवेत कांदा चिरला, चार-पाच वेळा, आणि हात खाली टाकले.

"बघ, मी तेच म्हणतोय," तो म्हणाला. "किती अवघड आहे! म्हणून तर त्यांनी करूच नये."

"अवघड ओटा नाही, भावजी. अवघड ती रेघ आहे," आई म्हणाली. "माझ्या ओट्यावर मला काहीच अवघड नाही. माझे पाय गेले तेव्हा सगळे म्हणाले, आता आराम कर. त्या आरामातून बाहेर यायला मला हा ओटा लागला. मी हा देणार नाही. तुमचा जीव आहे माझ्यावर, ठाऊक आहे मला. तरीही देणार नाही."

काकानं बाबांकडे पाहिलं, नेहमी पाहायचा तसं. "दादा, तू सांग तिला. माणसं खाली खोळंबलीत."

बाबांनी घसा साफ केला. त्यांच्या नखांत अजून भुस्सा होता.

"नको," ते म्हणाले.

"काय?"

"दगड नको." या वेळी मोठ्यानं. स्वतःच दचकले, पण मागे हटले नाहीत. "तू आमच्यासाठी खूप केलंस. हे नको करू."

दगडवाल्यानं टेप गुंडाळली, पुन्हा सोडली, पुन्हा गुंडाळली.

"मग त्या दगडाचं मी काय करू?" काका शेवटी म्हणाला, रुसलेल्या मुलासारखा.

"तुमच्या घरी बसवा," आई म्हणाली. "त्या निमित्तानं कधी ओट्यासमोर उभे तरी राहाल."

काकाच्या मिशा हलल्या. हसावं की रागवावं हे त्याचं अजून ठरत नव्हतं. त्याची नजर पुन्हा त्या पेन्सिलच्या रेघेवर गेली. दगडवाल्याचीही गेली. रेघ होती तशीच होती, सरळ, काळी, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत. जोवर ती तिथे होती तोवर कुणीही, कधीही, तिच्यावर दगड आणून बसवू शकत होतं.

ते ठिणगीनं पाहिलं. तिनं खणातून बारीक कागदाचा उरलेला तुकडा काढला आणि एक गुडघा ओट्यावर टेकला.

"पाय!" आई ओरडली. "पाय धुतलेस का?"

"धुतलेत!"

ओट्यावर चढून ठिणगीनं डाव्या टोकापासून सुरुवात केली. दगडवाल्याच्या टेपेजवळून ती गुडघ्यांवर सरकत रेघ घासत उजव्या भिंतीपर्यंत गेली, आणि काकाच्या नाकासमोर वाकून त्या भिंतीवरचा तुकडाही घासला. पांढरी भुकटी ओट्यावर पडली. रेघेचा मागमूस उरला नाही. मग ती खाली उतरली, कोरडं फडकं घेतलं, आणि सगळ्यांच्या देखत ती भुकटी पुसून काढली, लाकडाच्या रेषेच्या बाजूनं.